झाकलेला टीव्ही

बबिन्याची रेंज ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथला डिसेंबर समजावून सांगायला नको. दिवसभर धूळ, पाच वाजले की थंडी, आणि पहाटे तंबूच्या दोऱ्यांवरून टपटपणारं दव. गेल्या हिवाळ्यात फील्ड फायरिंगसाठी आमचं युनिट तीन आठवडे तिथे होतं. संध्याकाळचा रोल कॉल झाला की जवानांना करमणूक एकच, लंगरशेजारच्या मोठ्या तंबूतला टीव्ही.

पाचव्या दिवशी सकाळी बी कंपनीचा कमांडर माझ्याकडे आला. त्याच्या एका हवालदाराने टीव्हीचा रिमोट एका शिपायाच्या तोंडावर फेकून मारला होता. शिपायाच्या भुवईला दोन टाके पडले होते. हवालदाराची सतरा वर्षांची नोकरी, कंडक्ट शीटवर लाल शाईची एकही नोंद नाही. उत्तम मॉर्टर फायर कंट्रोलर. मला तो चांगला आठवत होता, कारण युनिटमध्ये इतका कमी बोलणारा माणूस दुसरा नाही.

टोपी-बेल्ट काढून त्याला समोर आणलं. विचारलं, का मारलं?

“गलती हो गई, साहब.”

यापलीकडे एक शब्द नाही. निकाल दुसऱ्या दिवसावर ठेवला. तो गेल्यावर सुभेदार मेजर साहेब मागे थांबले. तीस वर्षांच्या नोकरीत माणूस दार लावून घेऊन जे सांगतो ते ऐकून घ्यावं, हे मी लेफ्टनंट असतानाच शिकलो होतो. ते म्हणाले, “साहब, टीव्ही पे वो मर्डर वाला प्रोग्राम चल रहा था. इसकी बहन का भी आया था.”

मला आधी कळलंच नाही. बहिणीचं काय आलं होतं?

तो लडका मऊरानीपूरचा. झाशी जिल्ह्याचाच तालुका, झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला साधारण पासष्ट किलोमीटर. त्याच्या धाकट्या बहिणीला २०१९ मध्ये सासरी मारलं होतं. दोन वर्षांनी एका वाहिनीवरच्या गुन्ह्यांच्या कार्यक्रमात त्या घटनेवर एक भाग दाखवला गेला. आणि त्या रात्री तंबूत वेगळ्याच एका प्रकरणाचा भाग चालू असताना पडद्यावरच्या बाईला बघून तो शिपाई हसत म्हणाला होता, “ऐसी औरत के साथ यही होना था.” रिमोट नेमका हवालदाराच्या हातात होता.

आता मी स्वतःबद्दल लिहायला हवं, नाहीतर हे सगळं त्या एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर जाईल.

असल्या मालिका मला आवडतात. आमच्या पिढीला ती गोडी लहानपणीच लागली. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची, मुंबई पोलिसांच्या खऱ्या केसेसवरची. सगळी चाळ एका टीव्हीसमोर. पुढे २०२१ मध्ये सुट्टीवर साताऱ्याला गेलो तेव्हा आईबरोबर ‘देवमाणूस’ बघत बसलो. झी मराठीवर ती ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली होती. त्यात डॉक्टर झालेला किरण गायकवाड म्हणजे आमच्या मराठी जवानांच्या लाडक्या ‘लागिरं झालं जी’तला भैय्यासाहेब. फौजी होऊ पाहणाऱ्या पोराच्या वाटेत आडवा येणारा माणूस आता गावात दवाखाना थाटून बसला, याचीच बटालियनमधल्या पोरांना मजा. सरू आजीच्या शिव्या तर कितीतरी जणांना पाठ होत्या.

मालिका कशावरून आली हे सातारा जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. ऑगस्ट २०१६ मध्ये वाईच्या संतोष पोळला पोलिसांनी पकडलं आणि धोमच्या त्याच्या फार्महाऊसच्या आवारात खोदकाम सुरू झालं. २००३ पासून सहा जणांचे खून केल्याचा आरोप, त्यात पाच बायका. मालिका सुरू झाली तेव्हा साताऱ्याच्या कोर्टात खटला उभाच होता, निकाल लागलेला नव्हता. म्हणजे आरोपी तुरुंगात, साक्षीदार घरी, आणि सातारकर टीव्हीसमोर, असं एकाच वेळी चालू होतं.

एका रात्री मी बोलून गेलो, “या बायका एवढ्या भोळ्या कशा? कुणी उठतं, गोड बोलतं आणि या अंगावरचं सोनं काढून देतात.”

मावशी वाईची. ती चार दिवस राहायला आली होती आणि एकटी स्वयंपाकघरात बसायची. तिथूनच म्हणाली, “बारका कर रे तो आवाज. त्यांच्या घरची माणसं बाजारात भेटतात आम्हाला.”

आवाज बारीक केला. बंद केला नाही.

शिपाई आणि मी, आमच्यात फरक एवढाच की माझ्यासमोर त्या घरचं कुणी रिमोट घेऊन बसलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला ताकीद दिली, रिमोटचे पैसे भरायला लावले, आणि शिपायाची जाहीर माफी मागायला सांगितली. ती त्याने मागितली. सुभेदार मेजर म्हणाले, रविवारी फायरिंग नाही, घर जवळ आहे, आप एक बार हो आइए. सीओ घरी आला की गावात माणसाची मान वर होते. तिथे त्याची गरज आहे म्हणाले. नेमकी का, ते त्यांनी सांगितलं नाही.

बबिना ते मऊरानीपूर जिप्सीने अडीच तास. झाशी सोडली की बेतवा, मग बरुआसागरचा तलाव आणि रस्त्याच्या कडेला आल्याचे ढीग. मराठी माणसाला या मुलखात परकं वाटत नाही. पेशव्यांचा अंमल, नेवाळकरांची झाशी, गोडसे भटजींचा प्रवास, सगळं डोक्यात असतंच. मऊरानीपूर हे सुखनई नदीवरचं कापडाचं गाव. हातमागाची जागा आता यंत्रमागांनी घेतली आहे आणि काही गल्ल्यांत त्यांचा खडखडाट दिवसभर थांबत नाही. हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा इथलेच, जन्म १८८९. ते पेशाने वकील होते. त्यांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना पडले आणि राणीच्या गोष्टी त्यांनी लहानपणी पणजीकडून ऐकल्या. ‘झाँसी की रानी’ लिहिण्याआधी ज्यांनी तो काळ पाहिला किंवा घरात ऐकला अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून त्यांनी माहिती गोळा केली होती. हे मी आधी वाचलेलं होतं. त्या दिवशी गाडीत ते फार वेगळ्या तऱ्हेने आठवलं.

कारण बेतवा ओलांडल्यावर हवालदार बोलायला लागला. समोर रस्त्याकडे बघत, रिपोर्ट दिल्यासारखा.

लग्नात मोटारसायकल दिली होती. मग सासरच्यांना जमिनीचा तुकडा हवा झाला. बहीण दोनदा माहेरी आली, दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा तिची बातमीच आली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला शिक्षा दिली, अपील अलाहाबादला पडून आहे. आरोपपत्रात, साक्षींत, निकालात हुंड्याशिवाय दुसरं कारण नाही.

टीव्हीवरच्या भागात मात्र तिचा एक प्रियकर होता. हुंड्यासाठी मारलेल्या मुलीच्या गोष्टीवर चाळीस मिनिटं निघत नसावीत. आपल्याकडे ती फार जुनी झाली आहे. सुरुवातीला ‘सत्य घटनेवरून प्रेरित’ अशी पाटी, शेवटी ‘नावं आणि स्थळं बदलली आहेत’ अशी दुसरी. पण बुंदेलखंडातलं कापडाचं गाव, यंत्रमागांचा आवाज, फौजी भाऊ, शिवणकाम करणारी बहीण, एवढं ठेवल्यावर तालुक्यात कुणाला काय ओळखायचं राहिलं? वर्षभरात धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडचे म्हणाले, टीव्हीवर दाखवलं म्हणजे काहीतरी असणारच.

आणि त्या भागात फौजी भाऊ सुट्टीवर येतो, बहिणीच्या थोबाडीत मारतो आणि घराण्याच्या इज्जतीचं भाषण देतो.

“साहब,” तो म्हणाला, “थप्पड़ मारने के लिए भी तो घर आना पड़ता.”

तेव्हा तो लडाखमध्ये एका पोस्टवर होता. सॅटेलाइट फोन आठवड्यातून दोनदा, माणशी पाच मिनिटं. शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती, भैया, एक बात करनी थी. मागे रांगेत सहा जण उभे होते. हा म्हणाला, छुट्टी आऊँगा तब करेंगे. बातमी कळल्यावर हवामानामुळे दोन दिवस हेलिकॉप्टर नाही. घरी पोचला तेव्हा राखही थंड झाली होती.

त्या पाच मिनिटांवर कुणी भाग काढला नाही. काढला असता तर तो त्याने बघितला असता का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

फौजेत आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठोकून शिकवतात. माणूस पडला की त्याचं नाव आधी घरच्यांना, मग बाकी जगाला. एनओके, म्हणजे जवळचा नातेवाईक, त्याला कळवल्याशिवाय नाव बाहेर जाता कामा नये. मी स्वतः एकदा अशा घराच्या दारात उभा राहिलो आहे, त्यामुळे हा नियम किती शहाणपणाचा आहे ते मला माहीत आहे. दुसरा आर्मी रूल १८०. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत ज्याच्या चारित्र्याला किंवा लौकिकाला बाध येईल असं काही निघणार असेल, त्या माणसाला चौकशीला पूर्ण वेळ हजर राहण्याची, आपलं म्हणणं मांडण्याची, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. दिली नाही तर चौकशी टिकणं अवघड, हे माझ्या वाचकांतल्या निवृत्त मंडळींना वेगळं सांगायला नको. कितीजणांनी यापायी आपल्या चौकश्या परत आलेल्या बघितल्या असतील! अर्थात हे सगळं गणवेशातल्यांसाठी, आणि तेही जिवंतांसाठी.

मेलेल्याचं चारित्र्य कायद्याने तसं कुणाच्याच ताब्यात नसतं. इंद्राणी मुखर्जी प्रकरणावरची नेटफ्लिक्सची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवावी म्हणून सीबीआय मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी ती आधी पाहिली आणि खटल्याला धक्का लागेल असं काही नाही म्हणून सोडून दिली. कोर्टापुढचा प्रश्नच खटल्यावर काय परिणाम होईल हा होता, त्यामुळे उत्तर बरोबर आहे. पण शीना बोरा कशी होती हे पडद्यावर कुणी ठरवायचं, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता.

आमच्या मेसमध्ये नानावटी प्रकरण निघाल्याशिवाय या विषयावरची गप्पा पुरी होत नाही. कमांडर कावस नानावटी, आयएनएस मायसोर, २७ एप्रिल १९५९. जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं, प्रेम आहुजाच्या फ्लॅटवर गेला, तीन गोळ्या, आणि मग स्वतःहून हजर झाला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली आणि ती सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. तरी आजवर मेसमध्ये ज्याला विचारावं तो नानावटीच्या बाजूने. दोष आमचा आहेच, पण पडद्याचाही आहे. १९७३ मध्ये गुलजारांनी ‘अचानक’मध्ये त्या नौदलवाल्याचा आर्मीचा मेजर केला, २०१६ मध्ये ‘रुस्तम’ आला, २०१९ मध्ये त्यावर वेब मालिकाही निघाली. पांढऱ्या गणवेशातला देखणा अधिकारी पडद्यावर आला की आहुजाला कुणी विचारत नाही.

पण त्या प्रकरणात एक गोष्ट घडली जी मला मऊरानीपूरच्या वाटेवर पहिल्यांदा महत्त्वाची वाटली. आहुजाची बहीण मॅमी. १९६४ मध्ये नानावटीला माफी मिळायच्या आधी तिची लेखी संमती घेण्यात आली होती. त्यामागे राजकारण होतं, देवघेव होती, सगळं मान्य. तरी राज्यपालांच्या सहीआधी कुणीतरी कागद घेऊन मेलेल्याच्या बहिणीकडे गेलं होतं. तिच्या भावावर साठ वर्षं सिनेमे काढणाऱ्यांपैकी तिच्याकडे कुणी गेलं का, मला माहीत नाही. गेलं असेल तर चांगलंच आहे.

आणि आपलं जोशी-अभ्यंकर. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, पुण्यात दहा खून, करणारे टिळक रोडवरच्या कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी. आई तेव्हा पुण्यात शिकत होती. दिवेलागणीला सगळा सदाशिव पेठेचा परिसर कड्या लावून बसायचा, बेल वाजली तर आधी खिडकीतून बघायचं, हे ती अजून सांगते. आम्ही एनडीएत असताना रविवारच्या लिबर्टीवर पुण्यात आलो की एखादा सीनियर सारसबागेजवळचं तळं दाखवून ‘इथेच पहिला’ असं सांगून ज्युनियरना घाबरवायचा. मीही पुढे दोन-तीन बॅचना घाबरवलं. १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ आला तेव्हा नाना पाटेकरचा अभिनय बघायला वडील गेले, आई गेली नाही. मात्र त्या प्रकरणाचं एक बरं. चौघांना फाशी होऊन चाळीस वर्षं झाली, तरी लोक त्याला अजून मेलेल्यांच्याच आडनावाने ओळखतात. वाईचं तसं नाही. वाईचं प्रकरण डॉक्टरच्या नावावर जमा झालं, आणि टीव्हीवर गेल्यावर तर देवमाणसाच्या.

घर गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, अंगणात तुळस आणि एक म्हैस. शेजारचे लोक दारात येऊन उभे होते, सुभेदार मेजरांनी सांगितलेली मान वर होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चहा, मठरी, रसाचे गुलाबजाम. बापाचं निधन झालेलं. धाकटी बहीण चहा देऊन लगेच आत गेली. भिंतीशी टीव्ही होता. त्याच्यावर टॉवेलसारखा जाड चौकड्यांचा कापडाचा तुकडा घातलेला, चारी बाजूंनी खाली ओढलेला, आपल्याकडे सुतकात आरसा झाकतात तसा. धूळ बसू नये म्हणून असेल असं मी मनाला सांगितलं.

अम्मा बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही मोठे साहेब आहात, बंबईकडचे आहात, ते पिच्चर बनवणारे तुम्हाला भेटतात का?

मी म्हटलं, नाही अम्मा. मी सातारचा. आमच्याकडे शूटिंग होतं, पण माझी त्यांची ओळख नाही.

भेटले तर सांगा, त्या म्हणाल्या. आणि थांबल्या. मला वाटलं, आता प्रियकराबद्दल बोलतील, मोडलेल्या लग्नाबद्दल. हवालदार खाली बघत होता.

“उसे लाल साड़ी पहनाई थी उन्होंने. मेरी बिटिया ने लाल कभी पहनी नहीं. आँख में चुभता था उसे.”

मग त्या उठल्या, पेटीतून एक पिशवी काढली. आयटीआयचं शिवणकामाचं सर्टिफिकेट, एक फोटो, आणि ब्लाउजच्या मापांची वही. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या अक्षरात. फोटोत ती पिवळ्या कपड्यांत होती आणि कुणीतरी कॅमेऱ्याच्या मागून हसवल्यासारखी तोंडावर हात धरून उभी होती.

काय करावं ते मला सुचेना. सवयीने खिशातून फील्ड नोटबुक काढली. म्हटलं, अम्मा, सांगा, मी लिहून घेतो. कुणाला देणार, कधी देणार, याचा मला पत्ता नव्हता. खोटं आश्वासन द्यायचं नाही एवढं ठरवून मी म्हटलं, कुणाला दाखवता येईल असं नाही, पण लिहून राहील. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मग बुंदेलीत सावकाश सांगत गेल्या. लाल नको, पिवळा आवडायचा. सुई हरवली तर घर डोक्यावर घ्यायची. पावसाळ्याच्या अखेरीला जलविहारच्या मेळ्यात देवांची विमानं नदीकडे निघाली की हिला झोप यायची, भावाच्या खांद्यावर झोपून घरी यायची. दोनदा माहेरी आली तेव्हा दोन्ही वेळा मीच परत पाठवली, हेही लिहा. मी थांबलो. त्या म्हणाल्या, लिहा.

दीड पान झालं. साक्ष घेतली की साक्षीदाराला वाचून दाखवायची, हे माझ्या हातात बसलेलं आहे. वाचून दाखवलं. मेळ्याच्या ओळीशी त्यांनी हात वर केला. भावाच्या नाही, बापाच्या खांद्यावर. भाऊ तेव्हा भरतीला गेला होता.

“मैं था, अम्मा,” हवालदार म्हणाला. “उस साल मैं था.”

दोघांत थोडा वेळ वाद झाला. कुठलं साल, कुठली विमानं, पाऊस होता की नव्हता. आतून धाकटीचा आवाज आला, आधी भैया, मग पिताजी, दोन्ही. मी ओळ खोडली, दोन्ही लिहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हओ,” अम्मा म्हणाल्या. “अब ठीक है.”

सहाच्या आत रेंजवर परत पोचायचं होतं. निघताना त्यांनी गाडीत आल्याची एक पिशवी ठेवली.